लस सापडली, पोचायला किती वर्षं? : हिपॅटायटिस बी लशीचा इतिहास



रोगांच्या आणि लशींच्या इतिहासावरच्या या व्याख्यानमालेत आज हिपॅटायटिस बीच्या लशीची पाळी आहे. देवी, प्लेग, पोलिओ यांच्याबद्दल बोलताना एक सोय असते. श्रोत्यांनी तो रोग पाहिलेला असतो, निदान आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिल्याच्या हकिकती आपल्याकडे अजून सांगतात. हिपॅटायटिस बीची अशी हकीकत सहसा कुणाच्या घरात नसते. आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातल्या सुमारे २५ कोटी ४० लाख माणसांच्या शरीरात हा विषाणू मुक्काम ठोकून होता. त्यातली जवळपास तीन कोटी माणसं आपल्या देशातली. त्या एका वर्षात जगभर सुमारे ११ लाख माणसं या विषाणूमुळे दगावली, बहुतेक जण लिव्हर सिरॉसिसने किंवा यकृताच्या कर्करोगाने.

या रोगावरची चांगली लस १९८१ पासून आहे. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ. आता या तीन कोटींतले बरेच जण लस येण्याआधी जन्मलेले आहेत, हे खरं. पण सगळे नाहीत. लस असताना जन्मलेल्या मुलांना लागण झाली कशी, हा आजचा आपला प्रश्न आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की लस सापडणं आणि लस पोचणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि या लशीच्या बाबतीत पोचणं जास्त अवघड ठरलं. कुणाच्या रक्तातून ती मिळाली आणि कुणाला ती आधी मिळाली, हे बघत बघत आपण पुढे जाऊ.

कावीळ एक, रोग अनेक

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत कावीळ हा एकच शब्द. डोळे पिवळे झाले, लघवी पिवळी झाली, अन्नावरची वासना उडाली, की कावीळ झाली. वैद्यकाच्या दृष्टीने कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई वेगळे. रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून पसरणारे बी आणि सी वेगळे. गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि गल्लीच्या गल्ली आजारी पडते, ती कावीळ ए किंवा ई विषाणूची. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचं दूषित पाणी नळाला गेलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती, हे फार नंतर, साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं.

पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणून तर आपल्याकडे काविळीच्या गावठी उपायांचं एवढं नाव. गळ्यात माळ घालायची, ती दिवसेंदिवस लांब होते म्हणतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, कावीळ उतरली म्हणतात. रोगी बरा होणारच असतो, श्रेय माळेला जातं.

हिपॅटायटिस बीच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. पण आईकडून जन्माच्या वेळी, किंवा आयुष्याच्या पहिल्या वर्षात बाळाला लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, त्या बाळाला ना ताप येतो, ना कावीळ होते. मूल खेळतं, शाळेत जातं, मोठं होऊन संसाराला लागतं. अशांपैकी काहींच्या पोटात चाळिशी-पन्नाशीत पाणी व्हायला लागतं, तोवर यकृत गेलेलं असतं. लहानपणी लागण होऊन विषाणू घेऊन जगणाऱ्यांपैकी साधारण चारांतल्या एकाच्या वाट्याला सिरॉसिस किंवा कर्करोग येतो.

अमिताभ बच्चन यांचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. १९८२ साली चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर त्यांना अनेक रक्तदात्यांचं रक्त द्यावं लागलं. त्यातून हा विषाणू शरीरात आला आणि कित्येक वर्षांनी, यकृताचा पाऊण भाग निकामी झाल्यावर ते कळलं, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. इतक्या मोठ्या माणसाला, एवढे डॉक्टर हाताशी असताना कळलं नाही. मग बाकीच्यांचं काय?

कधी कधी कळतं, पण भलत्याच ठिकाणी. कोकणातला एखादा तरुण आखातात नोकरीला निघतो. वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तात हा विषाणू सापडतो आणि काही देशांच्या नियमांप्रमाणे तो 'अनफिट' ठरतो. एकही दिवस आजारी न पडलेल्या माणसाचा व्हिसा जातो. गावात बातमी फुटली की ताटवाटी वेगळी होते ते निराळंच. खरं तर एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने हा विषाणू पसरत नाही.

सुईतून आलेला रोग

या रोगाचा इतिहास सुरू होतो तो एका लसीकरणापासूनच. १८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जहाजबांधणीच्या कामगारांना देवीची लस टोचली. तेव्हा एका माणसाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचण्याची पद्धत होती. १,२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत कावीळ झाली. वेगळ्या ठिकाणची लस टोचलेल्यांना झाली नाही. ल्युरमन नावाच्या डॉक्टरने १८८५ साली ही नोंद प्रसिद्ध केली. विषाणू म्हणजे काय हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण माणसाच्या शरीरातलं काहीतरी माणसाच्या शरीरात गेलं आणि कावीळ झाली, एवढं त्या नोंदीतून स्पष्ट होतं.

पुढे १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली. ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाचं सीरम, म्हणजे रक्तजल, घातलं होतं. सुमारे पन्नास हजार सैनिक कावीळ होऊन रुग्णालयात पडले. १९४७ साली मॅकॅलम या ब्रिटिश संशोधकाने दोन नावं सुचवली: तोंडावाटे पसरणारी ती हिपॅटायटिस ए, रक्तातून पसरणारी ती हिपॅटायटिस बी. नाव मिळालं, विषाणू मात्र कुणी पाहिला नव्हता.

हे ऑस्ट्रेलिया कुठून आलं?

आपल्याकडे ऑपरेशनच्या आधी रक्त तपासायला सांगतात, तेव्हा लॅबच्या कागदावर पुष्कळदा 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला कोडं पडतं. रोग यकृताचा, रक्त आपलं, मग मधेच ऑस्ट्रेलिया कुठून?

याचं उत्तर बारूख ब्लूमबर्ग या अमेरिकी संशोधकाच्या कामात आहे. ब्लूमबर्ग काही काविळीच्या मागावर नव्हते. एकाच रोगाला एक माणूस लवकर बळी पडतो आणि दुसरा पडत नाही, हे कशामुळे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी ते जगभरच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवत. ज्या रुग्णांना पुन्हा पुन्हा दुसऱ्यांचं रक्त द्यावं लागतं, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशा रुग्णाचं सीरम घ्यायचं आणि ते नाना देशांतल्या नमुन्यांशी ताडून बघायचं, अशी त्यांची रीत. हार्वी ऑल्टर हे त्यांचे सहकारी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम त्यांनी चोवीस नमुन्यांशी ताडलं. फक्त एका नमुन्याशी त्याची प्रक्रिया झाली. तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा होता. म्हणून त्या पदार्थाला नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन.

हा पदार्थ म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचं बाहेरचं आवरण आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९६७ च्या सुमारास ब्लूमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर या तंत्रज्ञ स्त्रीला बरं वाटेनासं झालं. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं. आधी नसलेलं अँटिजेन आता त्यात होतं. पाठोपाठ कावीळ दिसली. पुढे आल्फ्रेड प्रिन्स यांनी न्यू यॉर्कमध्ये आणि ओकोची यांनी जपानमध्ये स्वतंत्रपणे हाच संबंध दाखवला. १९७० साली डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणू पाहिला. याचा पहिला उपयोग झाला रक्तपेढ्यांना. दात्याचं रक्त तपासता येऊ लागलं. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

ऑस्ट्रेलियातल्या त्या माणसाचं नाव मात्र वैद्यकाच्या पुस्तकांत येत नाही. त्याच्या देशाचं नाव जगभरच्या लॅबमध्ये गेलं, त्याचं राहिलं.

विलोब्रूकची मुलं

आता जरा जड विषयाकडे वळू. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

न्यू यॉर्कमध्ये स्टेटन आयलंडवर विलोब्रूक नावाची सरकारी संस्था होती. मतिमंद मुलांना तिथे ठेवत. जागेपेक्षा कितीतरी जास्त मुलं, अस्वच्छता, आणि त्यामुळे कावीळ तिथे कायमची. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून डॉ. सॉल क्रूगमन आणि त्यांचे सहकारी तिथे कावीळ अभ्यासत होते. त्यात त्यांनी काही मुलांना मुद्दाम लागण करवली. त्यांचं समर्थन असं, की या मुलांना आज ना उद्या लागण होणारच होती. आमच्या खास विभागात त्यांची निगा तरी नीट राखली जाते. आणि आईवडिलांची संमती आहे. टीकाकारांनी विचारलं, की संस्थेत जागा मिळायची पंचाईत असताना त्या संमतीला काय अर्थ? आणि जिथे स्वच्छता वाढवायला हवी होती, तिथे लागण का वाढवली? १९६६ साली हेन्री बीचर यांनी अनैतिक प्रयोगांवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात विलोब्रूकचाही समावेश होता.

याच प्रयोगांतून दोन गोष्टी कळल्या. एक, काविळीचे दोन विषाणू खरोखरच वेगळे आहेत. दुसरी, १९७१ सालची: विषाणू असलेलं सीरम पाण्यात मिसळून मिनिटभर जवळजवळ उकळत्या तापमानाला ठेवलं, की त्याची रोग देण्याची ताकद जाते, पण ते टोचल्यावर संरक्षण बऱ्याच अंशी मिळतं. म्हणजे लस शक्य आहे. त्या ज्ञानाचा फायदा आपण सगळेच घेतो. ज्या मुलांना नाही म्हणता येत नव्हतं, त्यांच्या शरीरातून ते मिळालं, हेही आपल्या हिशेबात असायला हवं.

लस आली, शंभर डॉलरला

हा विषाणू प्रयोगशाळेत सहजी वाढत नाही. मग लस करायची कशापासून? ब्लूमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्येच एक कल्पना मांडून पेटंट मागितलं होतं. विषाणू बाळगणाऱ्या माणसाच्या रक्तात पूर्ण विषाणूपेक्षा नुसत्या आवरणाचे रिकामे कण कितीतरी जास्त फिरत असतात. ते गाळून, शुद्ध करून टोचायचे. थोडक्यात, रोग्याच्या रक्तातूनच लस काढायची.

मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी हे प्रत्यक्षात आणलं. रक्तद्रवावर पेप्सिन, युरिया आणि फॉर्मलडिहाइड अशा तीन प्रक्रिया करून त्यातला जिवंत विषाणू मारायचा आणि कण तेवढे ठेवायचे. फ्रान्समध्ये तूर शहरात फिलिप मोपा यांनीही जवळपास त्याच सुमारास रक्तद्रवापासून लस केली होती.

अमेरिकी लशीची मोठी चाचणी घेतली वुल्फ श्मुनेस यांनी. हे मूळचे पोलंडचे ज्यू. घरचे लोक नाझींनी मारले, स्वतः सायबेरियात गेले, तिथे डॉक्टर झाले, आणि १९६९ साली देश सोडून अमेरिकेत आले. १९७८ पासून न्यू यॉर्कमधल्या १,०८३ समलिंगी पुरुषांनी त्यांच्या चाचणीत भाग घेतला. या समाजात लागणीचं प्रमाण फार होतं, म्हणून लस चालते की नाही हे लवकर कळणार होतं. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन. पहिल्या दीड वर्षात लस घेतलेल्यांत लागण दिसली १.४ ते ३.४ टक्के, न घेतलेल्यांत १८ ते २७ टक्के. निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८१ च्या नोव्हेंबरात लशीला परवाना मिळाला.

याच १९८१ साली एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या, त्याही समलिंगी पुरुषांमध्ये. ज्यांच्या रक्तद्रवापासून लस होते त्यांतही हे लोक होते. साहजिकच लोक घाबरले, डॉक्टरसुद्धा ही लस घ्यायला कचरले. हिलमन यांच्या त्या तीन प्रक्रियांत एड्सचा विषाणूही टिकत नाही, हे पुढे सिद्ध झालं. पण बसलेली भीती लवकर उठली नाही.

आणि किंमत? तीन डोसांचे मिळून सुमारे शंभर डॉलर. डॉलर तेव्हा साडेनऊ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका माणसामागे साडेनऊशे रुपये, १९८२ सालचे! ज्या देशांत बाळांना लागण होत होती, त्यांना ती परवडणं शक्यच नव्हतं. श्रीमंत देशांतसुद्धा ती डॉक्टर, नर्स, डायलिसिसचे रुग्ण यांच्यापुरतीच राहिली.

तैवानने काय दाखवलं

लस कुणाला द्यायची, या प्रश्नाचं उत्तर तैवानमधून आलं. तिथे दर सहा-सात मोठ्या माणसांमागे एक जण विषाणूवाहक होता आणि यकृताचा कर्करोग हे पुरुषांच्या मृत्यूचं एक मोठं कारण होतं. पामर बीझली हे अमेरिकी संशोधक ल्यू-यू ह्वांग आणि इतर तैवानी सहकाऱ्यांबरोबर तिथे काम करत होते. त्यांनी २२,७०७ सरकारी नोकर पुरुषांची रक्ततपासणी करून त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सरकारी नोकरच का? कारण त्यांची नोंद कार्यालयात पक्की राहते. त्यांतले ३,४५४ जण विषाणूवाहक होते. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: तोवर यकृताच्या कर्करोगाने ४१ जण वारले होते, आणि त्यातले ४० विषाणूवाहक होते. वाहकाला असलेला धोका इतरांच्या २२३ पट निघाला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधापेक्षाही हा संबंध घट्ट होता.

दुसऱ्या बाजूने त्यांनीच दाखवलं, की तिथल्या वाहकांपैकी पुष्कळांना लागण जन्माच्या वेळी आईकडून झालेली असते. आता दोन्ही टोकं जोडा. कर्करोग पन्नाशीत होतो, पण त्याचं बी पेरलं जातं बाळंतपणाच्या खोलीत. म्हणजे लस द्यायची तर तिथेच, आणि लगेच.

तैवानने १९८४ च्या जुलैमध्ये वाहक मातांच्या बाळांना लस देणं सुरू केलं आणि १९८६ पासून सगळ्याच नवजात बाळांना. देशभरात असा कार्यक्रम करणारा तो पहिला. विरोध झाला. लस नवी, रक्तापासूनची, महाग. पण दहा वर्षांत फळ दिसलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण लाखाला ०.७० होतं, ते १९९०-९४ या काळात ०.३६ वर आलं. चांग मेइ-ह्वेइ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे आकडे प्रसिद्ध केले. लशीने माणसाचा कर्करोग टळू शकतो, हे जगाने पहिल्यांदा आकड्यांत पाहिलं.

आफ्रिकेत गाम्बिया या लहानशा देशात १९८६ पासून अशीच मोठी पाहणी सुरू झाली. तिथे लस देशाच्या एकेका भागात टप्प्याटप्प्याने नेली, म्हणजे लस मिळालेली आणि तोवर न मिळालेली मुलं यांची तुलना पुढे करता येईल.

किंमत कशी उतरली

किंमत उतरायला दोन वाटांनी मदत झाली.

पहिली वाट यीस्टची. पावाचं पीठ फुगवायला आपण वापरतो, त्या यीस्टच्या पेशीत विषाणूच्या आवरणाचं जनुक घालायचं आणि यीस्टकडूनच ते प्रथिन बनवून घ्यायचं. विल्यम रटर, पाब्लो वालेन्झुएला, बेंजामिन हॉल यांच्या गटांनी १९८२ मध्ये हे जमवलं. १९८६ साली अशा लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. जनुकीय तंत्राने बनवलेली ही माणसांसाठीची पहिली लस. रोग्याच्या रक्ताची गरज संपली, तिच्याबरोबरची भीतीही. किंमत मात्र लगेच उतरली नाही, कारण तंत्र मोजक्या हातांत होतं.

दुसरी वाट स्पर्धेची. ज्यांचं नाव मघाशी आलं त्या आल्फ्रेड प्रिन्स यांनी रक्तद्रवापासूनच, पण साध्या आणि स्वस्त रीतीने लस करायची पद्धत काढली आणि दक्षिण कोरियात तिचं उत्पादन सुरू झालं. १९८६ मध्ये प्रिन्स, जेम्स मेनर्ड आणि इतरांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय कृतिदल उभं केलं. त्यांचा हेतू साधा होता: गरीब देशांच्या बाळांसाठी लस एक डॉलरच्या आसपास मिळाली पाहिजे. मोठ्या प्रमाणावर खरेदी करू, पण या दराने द्या, अशी बोली लावली. आणि लस त्या दराने मिळाली. शंभर डॉलर ही लशीची अटळ किंमत नव्हती, हे त्यावरून उघड झालं.

१९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना सांगितलं, की १९९७ पर्यंत ही लस नेहमीच्या बाललसीकरणात घ्या. बहुतेक गरीब देशांना ते जमलं २००० साली 'गावी' ही लशींसाठी पैसा पुरवणारी आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिल्यावर.

आपल्याकडची गोष्ट

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ही लस आयात होत असे. एका डोसाला साडेसातशे रुपयांच्या घरात. तीन डोस घेणं मध्यमवर्गालाही जड. अशा वेळी हैदराबादला वरप्रसाद रेड्डी या इंजिनियर गृहस्थांनी १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली. ते ना डॉक्टर, ना जीवशास्त्रज्ञ. भांडवलाला ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हात दिला, आणि यीस्टचं तंत्र इथल्याच संशोधकांनी उभं केलं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची लस बाजारात आली, सुमारे पन्नास रुपयांना. मग भारत बायोटेक, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट असे एकेक उत्पादक आले. परदेशी कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले. पुढे भारतीय कंपन्यांची लस युनिसेफमार्फत कितीतरी देशांत गेली. ज्या लशीसाठी आपण परदेशाकडे बघत होतो, ती आपण जगाला पुरवू लागलो.

पण इथे एक गंमत बघा. लस स्वस्त झाल्याबरोबर शहरांत शिबिरांची लाट आली. सोसायट्यांत, शाळांत, कारखान्यांत मांडव टाकून हिपॅटायटिस बीची लस देत. 'एड्सपेक्षा शंभर पट संसर्गजन्य' असे फलक लागत. ज्यांच्याकडे पैसे होते त्या मोठ्या माणसांनी आणि शाळकरी मुलांनी लस घेतली. त्यात वाईट काही नाही. पण आपण आधी काय पाहिलं? मोठ्या माणसांचं शरीर बहुधा विषाणूला हुसकावून लावतं. खरी गरज होती ती सरकारी रुग्णालयात आणि खेड्यातल्या घरात जन्मणाऱ्या बाळाला, आणि त्याच्यासाठी मांडव कुणी टाकला नव्हता. सरकारने २००२ च्या सुमारास काही शहरांत आणि जिल्ह्यांत ही लस सुरू केली, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत नेली, आणि २०११ मध्ये देशभर. परवाना १९८१ चा, स्वस्त देशी लस १९९७ ची, आणि देशातल्या सगळ्या बाळांसाठी २०११ ची. मधली वर्षं कुणाच्या वाट्याला आली, ते वेगळं सांगायला नको.

त्या काळात इथल्या डॉक्टरांमध्ये वादही झाला. गोवर, क्षय, जुलाब यांनी मुलं मरत असताना हा पैसा इकडे का, असं काहींचं म्हणणं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण गोवराने मूल या महिन्यात जातं, हिपॅटायटिस बीने चाळीस वर्षांनी. चाळीस वर्षांनंतरच्या मृत्यूचा हिशेब आजच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, हीच या रोगाची अडचण आहे.

आणि सुईचा प्रश्न होताच. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंजा हे तिचं मुख्य कारण म्हणून पुढे आलं. डझनांनी माणसं गेली. ब्रेमेनच्या गोदीपासून सव्वाशे वर्षांनी, तोच रोग त्याच वाटेने. डॉक्टरकडे गेल्यावर 'सुई दिली तरच बरं वाटतं' असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही त्यातून शिकण्यासारखं आहे.

पहिले चोवीस तास

आज आपल्या राष्ट्रीय लसीकरणात बाळाला जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस देतात. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे आपण 'पेंटा' म्हणतो त्या लशीत हिपॅटायटिस बी असतेच. मग जन्माच्या डोसाची एवढी घाई कशाला? कारण आईच्या रक्तातला विषाणू प्रसूतीच्या वेळी बाळाच्या शरीरात शिरतो आणि त्याने यकृतात ठाण मांडायच्या आत लशीने शरीराला जागं करायचं असतं. सहा आठवड्यांनी येणाऱ्या पेंटाला तोवर उशीर झालेला असू शकतो. म्हणून पहिला डोस चोवीस तासांच्या आत.

ऐकायला सोपं आहे. पण बाळ रात्री जन्मलं, रविवारी जन्मलं, घरी जन्मलं, तर? एका कुपीत दहा डोस असतात. एका बाळासाठी कुपी फोडली तर बाकीचे वाया जातील, या धास्तीने लहान केंद्रांवर कधी कधी डोस पुढे ढकलला जातो. वास्तविक ठरावीक अटी पाळल्या तर उघडलेली कुपी अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. ही लस थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की निकामी. इतक्या बारीकसारीक गोष्टींवर हे सगळं अवलंबून आहे. २०२२ साली जगातल्या फक्त ४५ टक्के बाळांना जन्माचा डोस मिळाला. आफ्रिकेत हे प्रमाण १८ टक्के होतं.

जिथे लस नीट पोचली, तिथला फरकही मोठा आहे. लस येण्यापूर्वी जगातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे पाच टक्के मुलं विषाणूवाहक असत. २०१९ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आलं. कोट्यवधी मुलं वाचली. त्यांना स्वतःला ते कधी कळणार नाही, कारण न झालेल्या आजाराची आठवण राहत नाही.

२०१८ साली २८ जुलैला भारत सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ज्यांच्या शरीरात विषाणू आधीच आहे त्यांना लशीचा उपयोग नाही, पण गोळ्यांनी त्याला दाबून ठेवता येतं. गरोदर बाईची तपासणी केली तर बाळासाठी आधीच तयारी करता येते.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारी बाळंतपण असेल, तर दोन गोष्टी करा. गरोदरपणातल्या रक्ततपासणीत ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजेच हिपॅटायटिस बी, आहे का ते बघा. आणि बाळ झाल्यावर पेढे वाटायच्या आधी सिस्टरना विचारा, की जन्माचा डोस दिला का, आणि कार्डावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. विचारायला काही लाजायचं कारण नाही.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.